क्लीनरची खुशाली

कवळीमास्तरांना माणूस भेटला की माणूस दिसत नसे, जबडा दिसे. चाळीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवल्या. मेणाचा साचा उजेडाकडे धरून ते सांगत, हा गृहस्थ डाव्या बाजूनेच चावतो, म्हणजे बायको उजवीकडे बसते आणि बोलते. यातलं खरं किती आणि पदरचं किती, ते त्यांनाच ठाऊक. एका आजीबाईंना म्हणे त्यांनी अशी बेतशीर कवळी करून दिली, की आजीबाई घोरत पडल्या तरी पेल्यातली कवळी सुनेला टोमणे मारत राहायची. शेवटी मुलगा ती रुमालात बांधून परत घेऊन आला. मास्तरांनी दोन दाढा कानशीने घासल्या, तेव्हा कुठे त्या घरात सगळ्यांचा डोळा लागला.

लग्नही या नादापायीच राहून गेलं. मुलगी बघायला गेले की बाकीचे तिचं शिक्षण विचारत, हे तिला हसायला सांगत. घरी आल्यावर म्हणत, "मुलगी लाख आहे, पण वरचा जबडा पुढे आहे. पन्नाशीत त्रास होईल." पन्नाशी आली. त्रास मास्तरांनाच झाला.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी कामाचं टेबल, त्यावर अजून मेणाचा आणि गुलाबी भुकटीचा वास. टेबलासमोर भिंतभर काचेची पाच फुटी टाकी. टाकीत खारं पाणी, दगड, आणि दोन मासे. ही टाकी एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली. त्यांनी दवाखाना बंद केला तेव्हा म्हणाले, "मास्तर, पेशंट मी दुसऱ्याकडे पाठवले. हे दोघे तेवढे तुम्ही घ्या, यांना दात दुखायची भीती वाटत नाही."

दोघांतला एक ताटलीसारखा पसरट, पिवळाधमक. दिवसभर दगडांवरचं शेवाळ खरवडत फिरायचा. त्याला मास्तर म्हातारा म्हणत, कारण आला तेव्हाच तो मोठा होता आणि त्याला आता अकरा वर्षं झाली होती. दुसरी बोटाएवढी, निळी, आणि अंगापेक्षा रुबाब मोठा. टाकीत हात घातला की हाताला येऊन डसायची. तिचं नाव फौजदारीण. या दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसे. एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या, अशा भाडेकरूंसारखे ते राहत.

मास्तरांना मित्र म्हणाल तर एकच. डायवर. तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेला, गोल अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याची कवळी मास्तरांनीच केली होती, आणि ती बसवताना दोघांची जी गट्टी जमली ती सुटलीच नाही. दर रविवारी दहाच्या सुमाराला डायवर तीन जिने चढून येई, पहिली पाच मिनिटं नुसता धापा टाकी, आणि मग बाराच्या ठोक्यापर्यंत बोलायचा थांबत नसे. मास्तरांच्या टाकीचं बघून त्यानेही घरी एक केली होती. त्याच्याकडेही एक पिवळा मासा होता, जरा लहान, पाठीच्या पराला एक काळी खाच असलेला. काचा चाटूनपुसून लख्ख ठेवतो म्हणून त्याचं नाव क्लीनर. "डायवरकडे क्लीनर नको?" असं तो विचारी आणि स्वतःच हसे.

दोन महिन्यांपूर्वी डायवरचं बिऱ्हाड हललं. मुलाने त्याला आपल्याकडे नेलं, दुसऱ्या शहरात, सहाव्या मजल्यावर. जायच्या दिवशी तो झाकणाची बादली मांडीवर घेऊन टॅक्सीने आला.

"गाडीवाल्याला सांगितलं, हळू चालव, आत लेकरू आहे," तो दारातून म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला हळू चालव म्हणालो. घे. तिकडे दोन खोल्यांत पाच माणसं. टाकी ठेवली तर मला उभ्याने झोपावं लागेल."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले. "म्हातारा एकटाच असतो. त्याला सोबत होईल."

"दर रविवारी दहाला फोन करीन. क्लीनरची खुशाली सांगायची. सगळी. काय खाल्लं, कुठे झोपला, सगळी."

"सांगेन."

"नुसतं 'बरा आहे' चालणार नाही हां."

तो गेल्यावर मास्तरांनी बादली टाकीत रिकामी केली आणि खुर्ची ओढून बसले. दोन पिवळे एकमेकांसमोर थबकले. मग म्हातारा अंग फुगवून त्याच्या बाजूने सरकला, शेपूट त्याच्याकडे करून थरथरला. मास्तरांना गहिवरून आलं. अकरा वर्षांनी त्याला जातभाई भेटला होता.

पहिल्या रविवारी फोन वाजला तेव्हा मास्तर पावणेदहापासून शेजारी बसलेले होते. आता एक सांगायला हवं. त्या फोनवर एरवी कुणाचा फोन येत नसे. बहीण होती ती गेली. तिची मुलगी वर्षातून एकदा शुभेच्छा पाठवी, त्या छापील असत. आणि मास्तर आपणहून कुणाला फोन करत नसत. फोन करणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं, आणि न बोलावता कुणाच्या दारात उभं राहू नये, ही त्यांच्या आईची शिकवण. आई जाऊन पस्तीस वर्षं झाली, शिकवण राहिली.

"काय म्हणतो आमचा क्लीनर?"

"मजेत," मास्तर म्हणाले. खरं तर त्या सकाळी क्लीनर कोपऱ्यातल्या नळीमागे तोंड खुपसून उभा होता, आणि त्याच्या कुशीवर दोन लाल चिरा होत्या. पण पहिल्याच फोनला हे कसं सांगायचं? मासा मेला तर खुशाली कसली सांगणार? आणि खुशाली संपली की रविवार संपला. ते एक घोट पाणी प्यायले आणि त्यांनी सुरू केलं. "दोघं बरोबरच फिरतात. जेवण तर एका ताटात. म्हातारा आधी त्याला खाऊ देतो."

"काय सांगतोस!"

"मग! झोपतानाही एकमेकांकडे तोंड करून."

डायवर खूश होऊन हसला. मग म्हणाला, "इकडे माझे गुडघे जरा..."

"आणि काचा तर अशा पुसल्यात," मास्तर घाईने म्हणाले, कारण त्यांना वाटलं, माशाचा विषय संपला की फोनही संपेल.

फोन ठेवला आणि मास्तर भिंग घेऊन टाकीला भिडले. दोन खून झालेल्या घरात पोलीस शिरतो तसे. जखमा होत्या म्हणजे कुणीतरी चावलं होतं. हा त्यांचा प्रांत. त्यांनी आधी म्हाताऱ्याचं तोंड तपासलं. बारीक, पुढे आलेलं, खरवडायला बनवलेलं तोंड. जन्माचा शाकाहारी. ज्याला शेवाळाच्या पट्ट्याही फाडता येत नाहीत, चिमट्यात अडकवून द्याव्या लागतात, तो कुणाला काय चावणार? मग फौजदारीण. तिने भिंगाकडे बघून जबडा वासला. झालं.

"चावा म्हटला की कमानीसारखा उमटतो," मास्तर स्वतःशीच मोठ्याने म्हणाले. या तर सरळ रेघा होत्या, ब्लेडने मारल्यासारख्या. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. मास्तर थांबले नाहीत. चाळीस वर्षांचा अनुभव माणसाला असा उपयोगी पडतो, की समोरचं जुळत नसेल तरी तो जुळवून घेतो. त्यांनी ठरवलं, हिचा एक सुळा वाढलेला आहे, आणि त्या एका सुळ्याने ही नांगरासारखी रेघ ओढते. काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात. मास्तरांना जगात दातच दात दिसत, आणि पिवळा होता तेवढा दिसला नाही.

सोमवारी ते शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, जीभ मात्र कोरडी.

"नवा मासा कधी सोडलात?"

"आणला त्याच दिवशी."

"थेट?"

"बादलीतून."

"काका, तुमच्या घरात कुणी न विचारता आपली खाट आणून टाकली तर तुम्ही काय कराल?"

मास्तर जरा विचारात पडले. खरं सांगायचं तर ते चहा टाकतील. पण तसं म्हणाले नाहीत.

बाईंनी उपाय सांगितले. टाकीतले सगळे दगड उचला आणि वेगळे रचा. घराचा नकाशाच बदलला की मालक कोण आणि पाहुणा कोण, कुणालाच कळत नाही. जेवण दोन टोकांना द्या. दिवा दोन दिवस बंद. बाहेरून काचेला एक आरसा लावा, जो भांडकुदळ असेल तो स्वतःच्याच प्रतिमेशी भांडत बसतो. आणि एवढं करूनही भागलं नाही, तर गुंडाला भोकाच्या डब्यात घालून टाकीतच आठवडाभर कोंडा. बाहेर आला की त्याचा दरारा गेलेला असतो.

"गुंड कोण, ते माहितीये ना?" बाईंनी विचारलं.

"पुराव्यासकट," मास्तर म्हणाले.

त्यांनी सगळं केलं. दगड हलवताना फौजदारीण त्यांच्या मनगटाला सात वेळा डसली, म्हणजे पुरावा आणखी भक्कम झाला. दिवा बंद केला, तेव्हा खोलीत एवढं सुनं वाटलं की ते दोन दिवस स्वयंपाकघरातच बसले. दाढीचा आरसा काढून त्यांनी टाकीच्या डाव्या काचेला चिकटवला, फौजदारणीसाठी. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हातारा मात्र तिथून हलेना. तासन् तास आरशापुढे उभा, अंग फुगवून, शेपूट आरशाकडे वळवून थरथरत.

मास्तर दाढीचा साबण लावलेलं तोंड घेऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. "आवडला ना?" ते म्हणाले. "आपल्यासारखं कुणी दिसलं की बरं वाटतं रे."

दुसऱ्या रविवारी त्यांनी डायवरला सांगितलं, की क्लीनर म्हाताऱ्याला पाठीवरचे पर स्वच्छ करून देतो. तिसऱ्या रविवारपर्यंत क्लीनर आणि म्हातारा दगडांच्या कमानीतून आत-बाहेर शिवाशिवी खेळायला लागले होते, फोनवर. टाकीत क्लीनरच्या अंगावर सात चिरा होत्या आणि तो पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवा होऊन तोंड हलवत होता.

त्याच दुपारी मास्तरांनी फौजदारणीला पकडलं. चहाच्या दोन प्लॅस्टिकच्या गाळण्या तोंडाला तोंड लावून दोरीने बांधून त्यांनी कोठडी केली. आरोप वाचून दाखवला. तिने गाळणीला धडका दिल्या, मग थकली आणि एका कोपऱ्यात जाऊन मास्तरांकडे अशा नजरेने बघत राहिली, की त्यांनी टाकीकडे पाठ करून जेवण उरकलं.

पाच दिवस ती कोठडीत होती. सहाव्या दिवशी सकाळी क्लीनरच्या गालफडाखाली एक ताजी चीर होती.

मास्तर खुर्चीत बसले. आरोपी तुरुंगात आणि खून चालूच. एकदम त्यांना आठवलं, बाईंनी आरसा कुणासाठी लावायला सांगितला होता. त्यांनी मान वळवून आरशाकडे पाहिलं.

मास्तर दुकानात जाऊन आले, तेव्हा बाई स्वतःच बघायला आल्या. तीन जिने चढूनही धाप न लागता त्यांनी टाकीसमोर उकिडवं बसून पाच मिनिटं पाहिलं आणि काचेवर बोट ठेवलं. "ह्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरं काय आहे?"

"डाग आहे. जन्मखूण."

"अकरा वर्षं मासा तुमच्याकडे आहे?"

"अकरा."

"काका, तो डाग नाही, पातं आहे. मिटलेल्या चाकूसारखं आत असतं, लागेल तेव्हा उघडतं. ह्या जातीला सर्जन मासा म्हणतात. सर्जन काय दातांनी ऑपरेशन करतो?"

मास्तरांनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. बाईंना त्यांची दया आली असावी, कारण त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि आपल्याच रंगाचा, आपल्याच आकाराचा दुसरा ह्यांना अजिबात खपत नाही. निळी चालते, लाल चालतो. आपल्यासारखा नको."

"मला वाटलं, त्याला एकटं वाटत असेल."

"त्याने तसं सांगितलं?"

बाई गेल्यावर मास्तरांनी गाळणी सोडली. फौजदारीण बाहेर आली, एक फेरी मारली, आणि माफी मागायला पुढे केलेल्या बोटाला कडकडून चावली. ते बोट त्यांनी मुद्दाम काढून घेतलं नाही.

टाकीच्या मधोमध आडपडदा घालायचा, असं ठरलं. बाजारात मिळतो तसला नको होता मास्तरांना. त्यांच्याकडे कपाटात कवळीच्या हिरड्यांची गुलाबी भुकटी होती, दोन डबे भरून, आणि कितीतरी दिवसांनी हातांना काम मिळालं होतं. त्यांनी साचा केला, मालमसाला कालवला, ओतला, पाण्यात उकळून घट्ट केला, आणि पाण्याने खेळतं राहावं म्हणून दीडशे भोकं पाडली. पडदा असा गुळगुळीत झाला, की गालाला लावून बघावा. टाकीत बसवला तेव्हा वाटलं, कुणा राक्षसाने आपली हिरडी काढून इथे भिजत ठेवली आहे. डावीकडे म्हातारा, उजवीकडे क्लीनर. फौजदारीण वरच्या फटीतून दोन्हीकडे गस्त घालायची.

क्लीनर सुधारला. चिरा भरून आल्या. तो काचा चाटायला लागला, पण अर्ध्याच. म्हातारा आपल्या अर्ध्यात मागे-पुढे, मागे-पुढे करायचा. पूर्वी तो पाच फूट एका दमात जायचा. आता वळायचा, लगेच पुन्हा वळायचा. त्याचा रंग उतरत चालला.

"हे कायमचं नाही चालणार," बाईंनी दुकानात सांगितलं. "ह्यांना पळायला पाणी लागतं. तीन आठवड्यांनी पडदा काढून बघा. पटलं तर पटलं. नाही तर एकाला जावं लागेल. जाणाऱ्याची सोय मी करते. डोळ्यांच्या हॉस्पिटलात आठ फुटी टाकी आहे, पिवळा मासा नाही तिथे."

तीन आठवडे मास्तरांनी डायवरला पडद्याबद्दल अक्षर सांगितलं नाही. खुशाली देत राहिले. थापा आता त्यांना शोधाव्या लागत नव्हत्या, आपोआप सुचत, आणि फोन ठेवल्यावर टाकीकडे बघायला लाज वाटे. मग एका शनिवारी त्यांनी पडदा उचलला. चहा गार व्हायच्या आत परत बसवावा लागला.

ती दुपार ते टेबलाशी बसून होते. क्लीनरला दिलं तर रविवार गेला. तेव्हा म्हातारा. अकरा वर्षं रोज सकाळी दिवा लावला की काचेशी येणारा म्हातारा. त्यांनी बादली धुऊन दाराशी ठेवली, बाईंचा नंबर कागदावर काढला, आणि तो कागद दहा वेळा घडी करून दहा वेळा उलगडला.

रविवारी दहाला फोन वाजला.

"काय म्हणतो आमचा क्लीनर?"

"डायवर, ऐक..."

"गेला?"

"नाही. चांगला आहे."

"मग शोकसभेत बोलल्यासारखा काय बोलतोस?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. चिरा, फौजदारणीची कोठडी, पातं, गुलाबी पडदा. डायवर मधे एकदाही बोलला नाही. हे पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणजे एका ताटात जेवतात, ते?"

"रचलं."

"शिवाशिवी?"

"तीही."

"मी इथे सगळ्यांना सांगितलं रे ते. जिन्यात भेटतील त्यांनासुद्धा. बरं रचलं होतंस."

"मी म्हाताऱ्याला देऊन टाकतो. आजच. क्लीनर तुझी ठेव आहे."

"खुळा आहेस का? त्याचं घर आहे ते. म्हातारपणी घर हलवलं की काय होतं ते मला विचार. माझा दे. तरणा आहे, आठ फूट मिळतायत, मजा करील."

"पण मग..."

"मग काय?"

"मग तू फोन कशाला करशील?"

मास्तरांना वाटलं, लाइन तुटली.

"तीस वर्षं," डायवर हळू म्हणाला, आणि त्याचा हळू आवाज मास्तरांनी कधी ऐकला नव्हता, "तीस वर्षं मी तुझे तीन जिने चढलो. तू माझ्याकडे किती वेळा आलास? दोनदा. एकदा टाकी गळत होती म्हणून. इथे येऊन दोन महिने झाले. तुझा एक फोन नाही. सून विचारते, बाबा, त्या काकांना तुमचा फोन नकोसा होतो का? मी गुडघ्यांचं काढतो, तर तू क्लीनरवर. मी म्हणतो इथे करमत नाही, तर तू क्लीनरवर. मला वाटलं, ह्याला माझ्याशी तेवढंच बोलायचंय, तर तेवढंच."

"मला वाटलं, तुला तेवढंच ऐकायचंय."

"मासा आहे तो. गोड आहे, पण मासा आहे."

मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं. ते जिभेवर आलं, दातांपाशी अडलं. ह्यांचे दात अजून स्वतःचे होते, बत्तीसच्या बत्तीस.

"ठेवतो," डायवर म्हणाला. "रागावलो नाही. पण यापुढे मी करणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू कर."

क्लीनर बुधवारी गेला. बाई त्याला न्यायला आल्या. बादलीत तो गोल गोल फिरत होता. मास्तर त्याच्याबरोबर खाली फाटकापर्यंत गेले. पडदा काढल्यावर म्हातारा आधी मधोमध येऊन थांबला, जणू पडदा तिथे अजून आहे. मग एकदम उजव्या टोकाला गेला आणि तिथून एका दमात डाव्या.

रविवारी मास्तर पावणेदहाला फोनपाशी बसले. सवय. दहा वाजले. खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं. सव्वादहा. त्यांनी टाकीची काच पुसली. साडेदहाला रिसीव्हर उचलून कानाला लावला, लाइन चालू आहे का ते बघितलं. चालू होती. परत ठेवला.

बोलायचं काय? खुशाली नव्हती. रचायला बसले तर काहीच रचता येईना. ज्या माणसाने पेल्यातल्या कवळीला टोमणे मारायला लावलं, त्याला 'हॅलो'च्या पुढचं एक वाक्य सुचत नव्हतं. माझं बरं आहे, म्हणावं? ते खरं नव्हतं. तुझ्याशिवाय रविवार जात नाही, म्हणावं? छे, या वयात. आणि पलीकडे जेवायची वेळ असली तर? नको असला तर? दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर दार उघडेपर्यंत जो वेळ जातो, तो मास्तरांनी आयुष्यभर टाळला होता.

पावणेअकराला त्यांनी नंबर फिरवला. एक आकडा चुकला, पुन्हा फिरवला.

"हॅलो?" बाईमाणसाचा आवाज.

"डायवर... म्हणजे, तुमचे सासरे आहेत का?"

"ते खाली गेलेत, बाकावर. रविवारचे चार जण जमतात. कोण म्हणून सांगू?"

त्याला आता चार जण होते. मास्तरांनी ठेवून द्यायला रिसीव्हर अर्धा खाली आणला, आणि परत वर घेतला. "मी... कवळ्यावाला."

"अगंबाई, काका तुम्ही!" ती म्हणाली. "थांबा हं, ठेवू नका. ते सांगून गेलेत, तुमचा फोन आला तर खिडकीतून हाक मार म्हणून. मागच्या आठवड्यापासून रोज सांगून जातात. पण लिफ्ट बंद आहे आमची, सहा मजले चढायला वेळ लागेल त्यांना. थांबाल ना? की त्यांनाच करायला सांगू?"

"नको," मास्तर म्हणाले. "थांबतो मी."

तिने रिसीव्हर कशावर तरी ठेवला. खिडकी सरकल्याचा आवाज झाला, आणि मग लांबून, बाहेरच्या हवेत फेकलेली तिची हाक. मग काहीच नाही. कुठलं तरी परकं घर मास्तरांच्या कानात पसरलं होतं. नळ वाहत होता. कुणी खुर्ची ओढली. एक मूल काहीतरी पाठ करत होतं आणि त्याच त्या ओळीवर चुकत होतं. मास्तर उभेच होते. बसावं असं त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला, मग पुन्हा पहिल्या. काय बोलायचं ते अजून सुचलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने, फार खालून, जिन्यात कुणीतरी धापा टाकत होतं.